व्हार्निशमधली चार बोटं

१

किटलीचा तळ फिरवला, आतल्या खणात बोट घातलं, आणि आई तशीच उभी राहिली. बोट खणात, डोळे भिंतीवर. पडद्याच्या फटीतून मला तेवढंच दिसलं. पडदा मीच शिवला होता आणि माझं शिवण हे असं आहे, म्हणून फट होती.

मग आई रुमालाला बोटं पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "नाहीये."

"काय नाहीये?" मावशीने विचारलं.

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "काही नाही. जाऊ दे."

पण ते जाऊ देण्यासारखं नव्हतं. का, ते सांगते.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, कलाकार आहे. जुन्या छापखान्याच्या हॉलमध्ये तिने एक संग्रहालय उभारलं होतं. खरं तर संग्रहालयाचं सोंग. काचेच्या पेट्या, 'हात लावू नये'च्या पाट्या, जाडजूड लाल दोर, सगळं अगदी खऱ्यासारखं. आणि काचेत काय, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेल्या वस्तू. बुटांचा ब्रश, शिवणाचा डबा, रेडिओ, वजनकाटा, छत्री, आमच्या घरची किटली. प्रत्येक वस्तूत सुतारकाकांनी एक चोरखण बसवला होता. ज्याची वस्तू, त्याने त्यात आपलं काहीतरी ठेवायचं. आयुष्यभर कुणाला न दाखवलेलं. ते काय आहे हे कुणी विचारायचं नाही आणि खण दुसऱ्या कुणी कधीही उघडायचा नाही. मावशीने दारोदार जाऊन तसा शब्द दिला होता. बघायला येणाऱ्यांना फक्त एक साधी किटली दिसणार, आणि खाली पाटी: 'यात काहीतरी आहे. तुम्हाला ते दिसणार नाही.'

मला ही कल्पना इतकी आवडली होती की शाळेतल्या निम्म्या मुलींना मी ती दोनदा ऐकवली होती.

उद्या दुपारनंतर उद्घाटन. आज सकाळी सगळ्यांनी पडद्याआड जाऊन आपापला खण एकदा पाहून घ्यायचा, मग काचा कायमच्या बंद. आईची किटली तिसरीच होती.

आईचं 'नाहीये' रेडिओवाल्या आजोबांनी ऐकलं. ते निवृत्त मास्तर, आवाज अजून वर्गातला. एकीचा खण उघडला गेला म्हणजे सगळ्यांचेच उघडले असणार, असं ते म्हणाले आणि हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. प्रत्येकजण आपली वस्तू छातीशी धरू लागला. हॉलचे व्यवस्थापक टायवाले साहेब (उन्हाळ्यातही टाय, म्हणून हे नाव) घसा खाकरून म्हणाले, प्रश्न सोपा आहे, रात्री किल्ल्या कुणाकडे असतात?

सगळ्यांनी वॉचमनकाकांकडे पाहिलं.

वॉचमनकाका म्हणजे माझ्या जिवलग मैत्रिणीचे, टाचणीचे बाबा. टाचणी, कारण बारीक आहे आणि टोचून बोलते. हॉलमागच्या एका खोलीत ती दोघं राहतात. साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. उद्या बारापर्यंत वस्तू मिळाली नाही तर लोकांनी आपल्या वस्तू न्याव्यात आणि वॉचमनने आपलं बिऱ्हाड.

टाचणी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

२

"मी शोधून काढते," मी तिला म्हणाले.

"तू? मूग?"

मूग हे माझं शाळेतलं जुनं नाव. वर्गात काहीही विचारलं तरी मी मूग गिळून बसायचे, म्हणून. मागच्या वर्षापर्यंत. मग मावशीने मला पाट्या लिहायला बोलावलं आणि लिहिलेली प्रत्येक पाटी रिकाम्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी वाचून दाखवायला लावली. आधी माझा आवाज पहिल्याच खांबाशी अडखळून पडायचा. आता मला गप्प बसवायला माणूस नेमावा लागतो. मावशीने मला आवाज दिला, हे मी कुणालाही सांगत सुटायचे.

आणखीही एक गोष्ट तिने दिली होती. मावशी अनेक वर्षं एका खऱ्या संग्रहालयाच्या कोठारात कामाला होती. तिथला पहिला धडा तिने मला पहिल्याच दिवशी दिला. मी एक सुरई मुठीला धरून उचलली, तेव्हा ती किंचाळायचीच बाकी होती. "मूठ कधी धरायची नाही. जुन्या वस्तूची मूठच आधी निखळते. एक हात पोटाखाली, एक बाजूला. बाळ उचलतात तसं." आता मी घरी पाण्याचा जगसुद्धा तसाच उचलते आणि आई कपाळाला हात लावते.

तर, तपास. आदल्या संध्याकाळी आईने पडद्याआड आपली वस्तू खणात ठेवली आणि किटली माझ्या हाती दिली. मी ती पेटीत मांडली. त्यानंतर हॉल बंद. म्हणजे जे झालं ते संध्याकाळ ते सकाळ. किल्ल्या तिघांकडे: वॉचमनकाका, टायवाले साहेब, मावशी. शिवाय मागच्या शेडमध्ये सुतारकाका, ज्यांना वॉचमनकाका कधीही दार उघडून द्यायचे.

सुतारकाका रंधा मारत होते. माझा प्रश्न ऐकून ते हसले. म्हणाले, चोरायचंच असतं तर मी खण कशाला केले असते, लोकांनी वस्तू टेबलावर ठेवल्या असत्या तर माझंच काम वाचलं असतं. आईच्या खणाबद्दल त्यांना एवढंच आठवत होतं की तिने अंगठा आणि बोट जुळवून माप दाखवलं होतं. छोटंसं, गोल. आणि आतून मऊ कापड लावा म्हणाली होती, चरा पडता कामा नये.

टायवाले साहेबांनी मला खुर्चीसुद्धा दिली नाही. मात्र त्यांचं लखलखीत टेबल पाहून एक कळलं. या माणसाने हॉलमधल्या जुन्यापान्या वस्तूला हात लावला असता, तर पुढचे आठ दिवस साबणाने हात धूत बसला असता.

वॉचमनकाका पायरीवर बसले होते. मी विचारलं, रात्री काही आवाज?

"मी झोपलो होतो गं," ते म्हणाले. "आता हे सांगितलं, तर त्याच्यासाठी काढतील."

आणि आई. आईला मी विचारलं, आत होतं तरी काय? ती म्हणाली, शाळेचं बघ. हे मला खटकलं. पाकीट हरवलं तर आमची आई बसचा वाहक, शेजारी, देव सगळ्यांना जाब विचारते. आणि इथे आयुष्यभर दडवलेली वस्तू गेली, तर जाऊ दे?

मावशी दिवसभर पेट्या पुसत होती. एकदा तिने मला हाक मारून सांगितलं, तुझ्या आईला म्हणावं, वाट बघू नकोस, घरी जा. मी होकार दिला आणि चार पावलांवर थबकले. काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते कळेना.

मग मला एकदम किटलीची मूठ आठवली आणि मी हॉलकडे पळत सुटले.

३

माझं एक छोटंसं गुपित होतं. आदल्या संध्याकाळी, सगळे निघायच्या गडबडीत असताना, मी किटलीच्या लाकडी मुठीवर व्हार्निशचा एक हात मारला होता. कुणाला न सांगता. आमच्या घरची वस्तू सगळ्यांत चकचकीत दिसावी म्हणून. मावशीने पाहिलं असतं तर ओरडली असती. आणि व्हार्निश इतकं जाड लागलं होतं की ते सकाळीसुद्धा चिकट होतं. म्हणून तर आई रुमालाला बोटं पुसत बाहेर आली.

मी किटली खिडकीपाशी नेली आणि मूठ उजेडाकडे वळवली. व्हार्निशमध्ये चार बोटं उमटली होती. चारच. आईची, सकाळची. बाकी मूठ काचेसारखी गुळगुळीत.

आता बघा. खण किटलीच्या तळाशी आहे. तो उघडायचा तर किटली पेटीतून उचलून उलटी करावीच लागते. चोराने ती उचलली. पण मुठीला बोटसुद्धा लावलं नाही.

मूठ ओली आहे हे त्याला माहीत होतं म्हणावं, तर ते फक्त मला माहीत होतं. वासावरून कळलं म्हणावं, तर अख्खा हॉल आठवडाभर व्हार्निशने घमघमत होता. हात लावून कळलं असतं, तर हाताची खूण राहिली असती. मग किटली मुठीला न धरता कोण उचलतं?

मी एक प्रयोग केला. शेडमध्ये प्यायच्या पाण्याची एक पोचे पडलेली किटली आहे. मी तिथे ठाण मांडलं आणि जो येईल त्याच्याकडे पाणी मागत सुटले. सुतारकाकांनी मुठीला धरून ओतलं आणि वर, तुझे हात मोडलेत का, असंही विचारलं. टायवाल्या साहेबांनी मुठीला आधी कागदाचा रुमाल गुंडाळला, पण धरली मूठच. वॉचमनकाकांनी मूठ. टाचणी आली, तिच्याकडेही मागितलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मुठीला धरून पेला भरला आणि न बोलता निघून गेली. माझ्या पोटात पाणी गुडगुडायला लागलं होतं. शोध मात्र तसूभर पुढे सरकला नव्हता.

तेवढ्यात मावशी हात झटकत आत आली. तिला स्वतःलाच तहान लागली होती. मी काही मागितलंच नाही.

तिने किटली उचलली. एक हात पोटाखाली, एक बाजूला.

बाळ उचलतात तसं.

असं उचलणारी माणसं त्या हॉलमध्ये दोनच होती. एक मी.

४

मी तिला लगेच काही विचारलं नाही. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तिच्या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणून पाहिलं. तिने किटली फक्त पुसायला घेतली असेल. पण हॉल बंद झाल्यावर? सकाळी सगळ्यांच्या आधी? आणि तसं असेल तर वॉचमनकाकांकडे बोट दाखवलं गेलं तेव्हा ती गप्प का होती? मग मला दुपारपासून खटकणारी गोष्ट कळली. मावशी आईला ताई म्हणते. भांडतानाही ताई. आज सकाळपासून तिच्या तोंडून एकदाही ताई आलं नव्हतं. तुझी आई, तुझी आई, एवढंच.

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही दोघीच उरलो.

"मावशी, किटली तू उघडलीस," मी म्हणाले. आणि मूठ, चार बोटं, पाणी, सगळं सांगितलं.

तिने नाकारलं असतं तर मी मानलं असतं. खरंच. पण ती ऐकता ऐकता एकदा हसली, अभिमानाने हसावं तशी, आणि तेच मला जास्त लागलं.

तिने एप्रनच्या खिशातून एक वस्तू काढली आणि डोळ्याला लावली. घड्याळजी लावतात ते भिंग. काळ्या कडीचं, छोटंसं, गोल.

आईचे बाबा घड्याळजी होते, हे मला माहीत होतं. मावशी लहानपणी त्यांच्या बाकावर शेजारी बसून काम शिकायची, हे नव्हतं माहीत. एक दिवस त्यांचं सगळ्यांत चांगलं भिंग नाहीसं झालं. शेवटचं तिच्या हातात होतं. तिने हरवलं, असं ठरलं. त्यांनी तिला बाकावरून उठवलं आणि पुन्हा कधी बसू दिलं नाही. ती सांगत राहिली की मी जागेवर ठेवलं होतं. घरात कुणीच विश्वास ठेवला नाही. रात्री फक्त ताई कुशीत घेऊन म्हणायची, जाऊ दे गं.

"पण तू उघडलीस का?" मी विचारलं. "शब्द दिला होतास ना?"

"राहवलं नाही. ताईने इतकी वर्षं काय जपलं असेल? मला वाटलं, माझ्याबद्दलचं काहीतरी असेल." तिने भिंग मुठीत मिटलं. "होतंही."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण पायरीवर वॉचमनकाका बसलेले होते. मी म्हणाले, उद्या सगळ्यांना सांग. तिने मान हलवली. सांगितलं तर एकही वस्तू इथे राहणार नाही, सगळं संपलं. वॉचमनला ती दुसरीकडे काम बघून देईल.

"आणि त्यांचं नाव?" मी विचारलं. "आणि टाचणी?"

"तुला अजून कळत नाही." तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "तू सांगणार नाहीस. तुला बोलायला मी शिकवलंय."

५

घरी आई भांडी आवरत होती. मी म्हणाले, भिंग मावशीकडे आहे. तिच्या हातातलं ताट खाली पडलं नाही. तिने ते पुसून जागेवर ठेवलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"दुसऱ्या कुणी ते कशाला घेतलं असतं? चोराला ते काचेचा तुकडाच वाटलं असतं."

म्हणजे आईला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. बोट खणात असतानाच.

मग ती सिंककडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. दोनच दिवस लपवणार होते, म्हणाली. बाबा बाकावर तिला बसवायचे, मला नाही. मोठी मी होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला उठवलं आणि ती जागा रिकामी झाली, मग ते भिंग हातातून सुटेचना.

"मग तुला बसवलं?"

"नाही. पुन्हा कुणालाच नाही बसवलं त्यांनी."

मी एक ताट उचलून पुसलं. मग विचारलं की वॉचमनकाकांचं काय. तिने आपली बोटं पाहिली. त्यांच्या टोकांना अजून व्हार्निश होतं.

"मी म्हटलं होतं ना, जाऊ दे."

तेच दोन शब्द. लहान बहिणीला कुशीत घेऊन म्हटलेले, तेच. या घरात जाऊ दे म्हणजे काय असतं, ते मला त्या क्षणी समजलं. ज्याचं जातं, त्याला सांगायचं असतं ते.

मला वाटायचं, मला दोन आया आहेत. त्या रात्री मला त्यातली एकही जवळ नको होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे हॉलमध्ये जमले. वॉचमनकाकांनी ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. टाचणी तिच्यावर बसली होती, हाताची घडी घालून.

मी मावशीकडे पाहिलं. अजूनही वाट बघायची माझी तयारी होती. तिने एका पेटीची काच पुसायला घेतली. स्वच्छ काच.

तेव्हा मी लाल दोराच्या आत गेले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलले. व्हार्निश मी लावलं होतं, कुणाला न सांगता, हे आधी. मग चार बोटं. मग शेडमधली पाण्याची किटली, आणि तिथे प्रत्येकाने मूठच कशी धरली ते. मूठ न धरता उचलणारी इथे दोनच माणसं आहेत, मी म्हणाले. एक मी. मी उघडली नाही.

पुढचं नाव मला घ्यावं लागलं नाही. सगळ्यांची तोंडं आपोआप वळली.

"एकच उघडली," मावशी म्हणाली. "फक्त ती एकच. बाकीच्यांना हात लावलेला नाही."

ते खरं होतं. पण आता ते कुणाला खरं वाटणार होतं?

रेडिओवाले आजोबा मला म्हणाले, पण किटलीत होतं काय? आई भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला.

"ते कुणी सांगायचं नाही, असं ठरलं होतं," मी म्हणाले. "मी नाही सांगणार."

आजोबांनी मान हलवली आणि आपला रेडिओ काढून घेतला. मग शिवणाचा डबा गेला, वजनकाटा गेला, छत्री गेली. लोक वस्तू उचलून नेत होते, जिला मूठ होती ती मुठीला धरून. पाट्या तेवढ्या राहिल्या, माझ्या अक्षरातल्या. यात काहीतरी आहे. यात काहीतरी आहे. रिकाम्या पेट्यांखाली ओळीने.

टायवाल्या साहेबांनी वॉचमनकाकांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा ठेवला. चुकलं वगैरे काही बोलले नाहीत. काकांनी ट्रंक परत आत नेली.

मी टाचणीपाशी गेले. मला वाटलं, ती मिठी मारेल. निदान टोचून काहीतरी बोलेल.

"काल शेडमध्ये तू माझ्याकडे पाणी मागितलंस," ती म्हणाली. "तुला तहान लागली होती?"

हॉलभर ऐकू जाणारा माझा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. मी मूग गिळले.

"तेच," टाचणी म्हणाली आणि ट्रंकेच्या मागे आत गेली.

आता किटली आमच्या स्वयंपाकघरात असते. व्हार्निश वाळून टणक झालंय आणि त्यात आईची चार बोटं कायमची बसलीत. भिंग मावशीकडेच आहे, ते तिच्याकडे कुणी मागितलं नाही. टाचणी वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसते. परवा तिने माझ्या पाठीत पेन्सिल टोचली आणि रबर मागितलं. मी अख्खी कंपासपेटीच मागे दिली.

काल फोन वाजला. मी घेतला.

"तुझी आई आहे का?" मावशीने विचारलं.

मी फोन आईला दिला. आईने तो कानाला लावला आणि दोघींपैकी कुणीच बोलेना. मी पाणी प्यायला किटलीकडे गेले. ठरवून मुठीकडे हात नेला. या वेळी मूठच धरायची, सगळे धरतात तशी. चार बोटांच्या खाचा तिथे तयारच होत्या.

पण हात आपोआप खाली गेला. एक पोटाखाली, एक बाजूला.